बिराजदार बाईंचा फेब्रुवारी

आमच्या शाळेत फेब्रुवारी लागला की दोन गोष्टी व्हायच्या. सोलापूरचं ऊन आपलं खरं रूप दाखवायला लागायचं आणि हेडसरांचं बीपी वाढायचं. उन्हावर कुणाचा इलाज नव्हता. बीपीचं कारण मात्र शिक्षकखोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून डब्यातली कडक भाकरी मोडत असायचं. शिवगंगा बिराजदार, इतिहासाच्या बाई.

बाई मूळच्या मैंदर्गीच्या. उंच, काळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि राग आला की दोन्ही. वर्गात गलका वाढला की त्या नुसतं "सुम्म कूड्री" म्हणायच्या. ज्यांना कन्नडचं एक अक्षर कळत नव्हतं ती पोरंही गप बसायची. खांद्यावर चादरीच्या कापडाची एक पिशवी. तिच्यात स्वतःचे खडू (शाळेचे खडू मोडतात म्हणून), शेंगा चटणीची बाटली आणि घड्या पडून पडून चिरलेला आफ्रिकेचा नकाशा. नव्या मॅडम लोकांना पोरं 'मॅडम' म्हणायची. यांना कुणी चुकून मॅडम म्हटलं की उत्तर यायचं, "मॅडम ऑफिसात भेटतील. हितं बाई हाय."

मी चित्रकलेचा माने सर. इतिहासाशी माझा संबंध झेंडावंदनाला फळा रंगवण्यापुरता. बाईंच्या शेजारी माझी खुर्ची होती हा योगायोग, आणि मी ती वीस वर्षं सोडली नाही याचं कारण ती चटणीची बाटली. उगाच मोठेपणा कशाला सांगू.

तर एकदा शाळेची जुनी रद्दी काढताना बाईंना कुठलंसं परदेशी मासिक सापडलं. त्यात वाचलं की अमेरिकेत फेब्रुवारी महिना काळ्या लोकांच्या इतिहासाचा म्हणून पाळतात. भाषणं करतात, नाटकं करतात, आजी-आजोबांना बोलतं करतात. बाई मासिक घेऊन तडक हेडसरांच्या खोलीत गेल्या. मी हजेरीपट घेऊन तिथंच उभा होतो.

"आपणबी पाळू या," बाई म्हणाल्या.

"बाई, दहावीची परीक्षा तोंडावर आलीय. आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा आपला काय संबंध?"

"सर, तुमच्या घरात चादर हाय का?"

"सोलापुरात कुणाच्या घरात नसते?"

"कशाची हाय?"

"सुताची."

"आणि सूत कशाचं?"

हेडसर हुशार माणूस. आता आपण अडकलो हे त्यांना कळलं. "कापसाचं. बरं, पुढं बोला."

"हे गाव सुतावर जगलं. निम्मी पोरं मागावाल्यांची हायत आपल्याकडं. आणि तिकडं पिढ्यान् पिढ्या ज्या माणसांकडनं चाबूक मारून कापूस वेचून घेतला, त्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक नको? मला आठवड्याला एक तास द्या. आणि शेवटचा शनिवार."

हेडसरांनी दिला. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण बाई उत्तर मिळेपर्यंत उभ्याच राहायच्या. पण तेव्हाच ते म्हणाले, "हे तुमच्या हौसेवर चाललंय बाई. तुम्ही गेलात की बंद." बाईंना ते लागलं. तेव्हापासून दर फेब्रुवारीच्या शेवटी डबा उघडताना त्या आम्हा सगळ्यांना विचारायच्या, "माझ्यानंतर कोण घेनार?" आणि आम्ही सगळे आपापल्या डब्यात काहीतरी शोधायला लागायचो.

बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. गोष्ट सांगायची आणि माणसाचं नाव सांगायचं नाही. नाव पोरांनी शोधायचं. ग्रंथालयात, मोबाइलवर, कुठंही. सापडलं की दुसऱ्या दिवशी बाईंच्या कानात येऊन सांगायचं, म्हणजे बाकीच्यांची मजा जात नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात पोरांची रांग आणि बाई कमरेत वाकून एकेकाचं ऐकतायत हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय. चुकीचं नाव असलं तर त्या म्हणायच्या, "हा माणूसबी चांगला हाय, पण आपला न्हवं." त्या चुकीच्या नावाची चौकशी मग वेगळी सुरू व्हायची. म्हणून इथंही मी कुणाचं नाव घेणार नाही. बाई चिडतील.

शेंगांचा दिवस तर अख्ख्या शाळेला पाठ झाला होता. गुलामीत जन्मलेलं एक पोर, पुढं मोठा शास्त्रज्ञ झालं आणि कापसानं चोखून काढलेल्या जमिनीत शेंगा लावा म्हणून शेतकऱ्यांना सांगत हिंडलं, त्यानं शेंगदाण्यापासून शेकड्यांनी वस्तू करून दाखवल्या. ही गोष्ट सांगून बाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येकानं घरातनं शेंगदाण्याची एक वस्तू आणायची, आणि ती घरात कुणी, कुणाकडनं शिकली ते विचारून यायचं. चटणी आली, लाडू आले, पोळ्या आल्या, आमटी आली, एका तेलुगू घरातनं पचडी, म्हणजे त्यांच्याकडची चटणी, आली. पहिल्या वर्षी एकजण पेंडीचा तुकडा घेऊन आला. म्हशीला घालतात ती पेंड. वर्ग हसला. बाईंनी तो तुकडा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाल्या, "शास्त्रज्ञानं पहिला हाच उचलला असता." त्या दिवशी हेडसरही दोन वेळा वर्गात डोकावले. तपासणीसाठी म्हणे. हातात लाडू होता.

सगळंच असं गोड झालं नाही. गोऱ्या माणसासाठी बसमधल्या जागेवरून न उठलेल्या काळ्या बाईची गोष्ट सांगितली, त्या वर्षी बिराजदार बाईंच्या अंगातच आलं. त्या शहरातले काळे लोक वर्षभर बसमध्ये चढले नाहीत, पायी चालले, मग आपण निदान एक आठवडा चालू. नववी 'अ' नं शाळेत पायी यायचं.

एकजण उभा राहिला. "बाई, आमी होटगीहून रेल्वेनं येतो की. कसं चालायचं?"

"स्टेशनापासनं चाला."

"रोज स्टेशनापासनं चालतच येतो बाई."

"मग तुझं आधीच झालं. बस खाली."

तिसऱ्या दिवशी रिक्षावाले मामा शाळेच्या फाटकावर जमले, चौथ्या दिवशी पालक. एका आईनं विचारलं, उन्हात पोरगी काळी पडली तर जबाबदार कोण? बाई त्या बाईकडं बघतच राहिल्या. मग हसल्या. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. आम्हाला वाटलं आता कन्नड येणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, आत या. पाणी प्या. तुमच्यासाठीच हा महिना हाय बगा." स्वतः मात्र जुळे सोलापूरच्या घरापासून शाळेपर्यंत सहाही दिवस चालल्या आणि सातव्या दिवशी टाच सुजवून घरी बसल्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत होते. ते बाईंच्या रजेचा अर्ज द्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "वर्षभर बस बंद ठेवली न्हाई हे नशीब समजा सर."

बराका त्यांना त्यांच्याच गल्लीत भेटला. टांझानियाचा पोरगा, इथं फार्मसीच्या कॉलेजात शिकायला आलेला, खोली घेऊन राहणारा. गल्लीतली पोरं त्याच्यामागं सेल्फीसाठी पळायची. बाईंनी पोरांना हाकललं आणि त्याला घरी जेवायला नेलं. याला तिखट सोसेल का म्हणून ताटात साखर वाढून ठेवली होती. त्यानं चटणी तीनदा घेतली, साखरेला हात लावला नाही आणि सांगितलं, की आमच्याकडे शेंगदाण्याला करांगा म्हणतात. बाई खूश. दुसऱ्याच दिवशी त्याला वर्गात घेऊन आल्या आणि मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, की आता बसवाल्या बाईंची गोष्ट हे आपल्याला आतून सांगतील.

बराका संकोचला. त्याचं हिंदी सोलापुरी वळणाचं होतं. "मॅडम, वो तो अमेरिका है ना. मैं मोरोगोरो का हूँ. मैंने भी किताब में पढ़ा, आपके जैसा."

 आमच्यापैकी दुसरं कुणी असतं तर विषय बदलला असता. बाईंनी खडू खाली ठेवला. "पोरांनो, चूक माझी. काळा माणूस दिसला आणि मी सगळ्यांचं एकच गाव करून टाकलं. लिहून ठेवा, बाई चुकल्या." आणि खरंच लिहायला लावलं. ती वही एका पालकानं मला नंतर दाखवली. तारखेखाली एकच ओळ, बाई चुकल्या.

मग त्या त्याला आणि वर्गाला घेऊन भुईकोट किल्ल्यात गेल्या. आफ्रिकेतल्या हबश देशात जन्मलेलं पोर, बाजारात विकलं गेलं, पुन्हा विकलं गेलं, विकलं जात जात दख्खनला आलं आणि इथं निजामशाहीचा वजीर झालं. दिल्लीच्या फौजांना त्यानं डोंगरात पळवून पळवून दमवलं आणि हा सोलापूरचा किल्लाही एकदा घेतला. बराकानं ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. नंतर म्हणाला, "हमारे स्कूल में किसी ने नहीं बताया."

"हमारे यहाँ भी कोन बताता है बाबा," बाई म्हणाल्या आणि त्याला बाटलीतलं पाणी दिलं.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही. पण त्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

बाईंचा नोकरीतला शेवटचा फेब्रुवारी होता. मे अखेर निवृत्ती. हेडसरांनी स्वच्छ सांगितलं होतं, शेवटच्या शनिवारी संस्थेचे सचिव कार्यक्रमाला येणार. त्यांना पटलं तर हा महिना शाळेच्या वार्षिक नियोजनात घेऊ. पण पुढं चालवणाऱ्या शिक्षकाचं नाव लागेल. नाव नाही, तर महिना नाही. बाईंनी पंधरा दिवस सगळ्यांना विचारलं. गणितवाल्यांना जादा तास होते, इंग्रजीच्या मॅडमना लहान मूल होतं, मला काय होतं ते आठवत नाही, पण मीही काहीतरी सांगितलं. बाई त्या दिवसांत बारीक झाल्या. डबा अर्धा परत न्यायच्या.

कार्यक्रमात नाटक होतं, बसवाल्या बाईंचं. मुख्य काम नववीतल्या श्रावणीला. मागावाल्याच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी, अबोल पोरगी, वर्गात सगळ्यांत काळी. पण बाईंनी तिला रंगासाठी निवडलं नव्हतं. "ती हट्टी हाय," बाई मला म्हणाल्या होत्या. "तिला उठवून दाखवा तुमी."

त्या सकाळी बाई बराकाला आणायला गेल्या आणि रंगभूषा माझ्याकडं. स्नेहसंमेलनात आजवर राजे, ऋषी, वाघ, सगळे मी रंगवले. मला वाटलं, यात काय आहे? काजळी घेतली, खोबरेल तेलात खलली आणि काळ्या प्रवाशांचं काम करणारी नऊ पोरं रंगवून काढली. चकचकीत काळी. ओठांना लाल. पोरं एकमेकांना बघून लोळत होती. मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकतो. शेवटी श्रावणी समोर येऊन बसली. मी ब्रश खाली ठेवला आणि म्हणालो, "तुझं काम वाचलं बघ. तुला रंगाची गरजच नाही."

सगळे हसले. तीही हसली. मग उठली आणि गेली. मला काही वाटलं नाही.

बाई आल्या तेव्हा सचिव पहिल्या रांगेत चहा पीत होते. बराका बाईंच्या मागं. रंगवलेली नऊ तोंडं बघून तो थांबला, थोडं हसला आणि खिशातनं मोबाइल काढून त्यात बघायला लागला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मोबाइल बंदच होता.

"माने सर, हे काय?" बाईंचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

"मेकअप, बाई."

"कुणाचा?"

मी बराकाकडं बघितलं. लाज वाटणं म्हणजे काय ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

"श्रावणी कुठाय?"

मी सांगितलं. काय बोललो तेही. लपवलं नाही, कारण नऊ पोरं ऐकत होती.

बाईंनी पोरांना नळावर नेलं. तेलातली काजळी, पाण्यानं काय जाणार? पोरं जोरजोरात तोंडं घासायला लागली तशी बाईंनी त्यांचे हात धरले. आपल्या साडीचा पदर ओला करून त्या स्वतः एकेकाचं तोंड हळू पुसू लागल्या. "घासायचं न्हाई. माझी आई दर रविवारी डाळीचं पीठ लावून मला घासायची. कातडं निघायचं, रंग तसाच. मला ठाऊक हाय किती दुखतंय." वीस वर्षं शेजारी बसलो, पण हे मला ठाऊक नव्हतं. मग पोरांना म्हणाल्या, "त्या बाईचा रंग करायचा नसतो. तिचं बसणं करायचं असतं. कळलं?"

मी विचारलं, "श्रावणीला तुम्ही बोलावता का?"

"तुमी घालवलीय. तुमीच आणा."

ती जिन्याखाली मोडक्या बाकांमध्ये बसली होती. मी शिक्षक आहे हे विसरून तिथं जमिनीवर बसलो. म्हटलं, "माझं चुकलं. फार चुकलं." तिनं गुडघ्यावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "रोज सगळे म्हणतात सर. चालतंय. पण तुम्ही म्हणालात ना, तेव्हा बराकादादा यायचा होता. त्यानं ऐकलं असतं तर?" तिला स्वतःपेक्षा त्याची काळजी होती.  मग ती उठली. "येते मी. पण पावडरसुद्धा लावणार नाही." दर संमेलनात तिला पावडर थापत होते. ते थापणारा हात बहुतेक वेळा माझाच होता.

नाटक अर्धा तास उशिरा सुरू झालं. प्रवाशांची तोंडं करडी, ओघळ आलेली, कान अजून काळे. श्रावणी तशीच, धुतलेल्या तोंडानं खुर्चीवर बसली. ड्रायव्हर ओरडला, ऊठ. ती बसून राहिली. दोन पोलीस आले. ठरल्याप्रमाणे त्यांनी हात धरायचा आणि तिनं त्यांच्याबरोबर जायचं. त्यांनी हात धरला. श्रावणी उठेना. पोलिसांनी ओढलं. तरी उठेना. एक पोलीस हळूच म्हणाला, "अगं ऊठ की, नाटक संपवायचंय." ती समोर बघत बसलेली. शेवटी दोघांनी खुर्चीच उचलली आणि तिला खुर्चीसकट आत नेलं. अख्खं सभागृह टाळ्या वाजवत होतं. बराका उभा राहिला होता.

सचिवांनी वळून बाईंना विचारलं, "खरोखर असंच झालं होतं का?"

"न्हाई साहेब. खऱ्यात त्यांना अटक करून नेलं. पण हे माझ्या पोरीनं जास्त चांगलं केलं."

नंतर हेडसरांच्या खोलीत सचिव म्हणाले, चालू ठेवा, पण नाव कुणाचं लिहू? बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना उत्तर माहीत होतं, आणि ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती. मी म्हणालो, "माझं लिहा."

बाई गर्रकन वळल्या. "तुमाला इतिहासातलं काय येतंय?"

"काही नाही बाई."

"आणि आज सकाळी तुमी काय केलं ते ठाऊक हाय ना?"

"म्हणूनच लिहा म्हणतोय."

 मग हेडसरांचा पेन उचलून त्यांनीच माझं नाव लिहिलं. आडनावात काना जोरात ओढला.

मे अखेरीस बाई निवृत्त झाल्या आणि मिस्टरांना घेऊन मैंदर्गीला राहायला गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत माझा पहिला तास होता. आठ दिवस घोकून किल्ला घेणाऱ्या वजिराची गोष्ट तयार केली होती. वर्गात शिरलो तर शेवटच्या बाकावर बाई. न सांगता आल्या होत्या, सकाळच्या गाडीनं.  मी गोष्ट सुरू केली. मधली लढाई आधी सांगितली, आधीची विसरलो, नदी चुकीच्या बाजूला काढली. एकदा बाईंचा हात वर जायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला आणि तास संपेपर्यंत सोडला नाही. एका पोरीनं विचारलं, त्याला पहिल्यांदा विकलं तेव्हा त्याची आई कुठं होती? मी म्हणालो, मला माहीत नाही, आपण मिळून शोधू. घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. टेबलाभोवती जमून भांडत होती, आई शोधत असेल की नाही यावर.

त्या गर्दीतनं सुटून मी बाईंच्या मागं फाटकापर्यंत धावलो. ऊन मरणाचं होतं. "बाई, सांगा ना, कसा झाला तास?"

त्यांनी चष्मा काढला. डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्यांची इच्छा दिसली नाही.

"लई वाईट झाला माने सर," बाई म्हणाल्या. "पण झाला की."

आणि डोक्यावर पदर घेऊन, त्या स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या.